घमेल्यातले पाहुणे

बिडकीनचे पाहुणे मला बघायला आमच्या बेगमपुऱ्यातल्या घरी ठरल्या वेळेच्या बरेच आधी आले. तेव्हा अण्णा ओसरीवर मिठाच्या कोमट पाण्यात पाय बुडवून बसले होते. त्यांच्या तळपायाला कुरूप झालं होतं. पट्टी लावायच्या आधी कातडी अशी मऊ करा, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं.

अण्णा घाईनं उठायला लागले, तर मुलाच्या वडिलांनी त्यांना थांबवलं.

"बसा, बसा. यानं आराम पडतो का?"

"लई."

"माझ्या टाचांना भेगा पडल्यात. चालवत नाय."

"मग टाका की पाय. घमेलं मोठं हाय."

त्यांनी धोतर वर घेतलं आणि पाय बुडवले. मी पोहे घेऊन गेले तेव्हा दोघं डोळे मिटून बसले होते आणि मुलगा घमेल्याकडं बघत होता. मला कुणी काहीच विचारलं नाही. आई गरम पाणी आणून ओतत राहिली.

सोयरीक जमली नाही. मुलाला नोकरीवाली बायको पाहिजे होती. त्याचे वडील मात्र दर रविवारी टॉवेल घेऊन एसटीनं येऊ लागले. अण्णांनी सांगितल्याप्रमाणे ते झोपताना टाचांना खोबरेलही लावत. भेगा भरून आल्या तरी त्यांचं येणं थांबलं नाही. शेवटी आईनं त्यांच्यासाठी वेगळं घमेलं आणलं.