पडद्याअलीकडची मनीषा

पिराप्पाची मनीषा पहिल्यांदा लक्षात राहिली ती हुलसूरच्या शाळेत, लस टोचायच्या दिवशी. पाचवीचा सगळा वर्ग रडून गोंधळ घालत होता आणि ही दंड चोळत नर्सबाईंच्या मागे उभी. "बाई, वापरलेली सुई कुठं टाकता?" बाईंनी डबा दाखवला. त्याचं झाकण नीट लागलंय का तेही तिनं बघितलं, मगच वर्गात गेली. मोठ्या माणसांना प्रश्न विचारायला ती कधी कचरली नाही. त्यांच्यापुढं मत सांगायचं म्हटलं, की मात्र तोंडाला कुलूप.

पिराप्पाच्या आजोबांची मेंढरं होती; पिराप्पा दुसऱ्याच्या रानात कामाला जायचा. त्यानं पोरीला बीदरला नर्सिंगला घातलं. तिसऱ्या वर्षी तिथं एक नवा वर्ग सुरू झाला. डॉक्टरकीचा प्रभुलिंग, फार्मसीची नेत्रावती आणि नर्सिंगची मनीषा, असा तिघांचा एक गट आणि दर गुरुवारी एकच पेशंट. ते दोघं कलबुर्गीच्या कॉलेजात व्हिडिओच्या पडद्यासमोर बसायचे आणि मनीषा टॅब घेऊन पेशंटच्या घरी जायची. शिकवणाऱ्या उमादेवी मॅडमही पडद्यावर असायच्या. त्यांचा नियम एकच. औषध ठरवायच्या आधी प्रत्येकानं पटलं की नाही ते सांगायचं, कारणासकट. पहिले दोन गुरुवार मनीषा नुसती "पटलं, मॅडम" एवढंच म्हणाली.

तिसऱ्या गुरुवारी पाळी आली नागव्वाची. हुलसूरलाच, मनीषाच्या घरापासून दोन गल्ल्या सोडून तिचं घर. तिला मधुमेह. साखर उतरवायची गोळी चालू होती, तरी दुपारच्या तपासणीत साखर चढलेली दिसायची आणि सकाळी चक्कर यायची.

"काही खायच्या आधी गोळी घेता ना, अव्वा?" नेत्रावतीनं विचारलं.

"व्हय की. उठल्या उठल्या, सहाला. एक दिवस चुकले न्हाई."

प्रभुलिंगनं हिशोब मांडला. साखर आटोक्यात नाही म्हणून चक्कर. गोळी दुप्पट करू. नेत्रावतीला पटलं. "मनीषा?" मॅडम म्हणाल्या.

साडेदहा वाजले होते. सून चहा घेऊन आली होती, एकच कप, तोही मनीषासाठी. नागव्वाच्या कपाळावर घाम होता. दुप्पट गोळी घेऊन ही बाई उद्या न्हाणीत पडली तर? पण पलीकडं होणारा डॉक्टर बोलला होता. तरी ती बोलली.

"मॅडम, मला पटलं नाही."

"कारण?"

कारण तिनं नागव्वालाच विचारलं. "अव्वा, आज काय खाल्लीस?"

"खाईन कशी? लिंगपूजा व्हायची हाय अजून. आधी झाडलोट, म्हशीची धार, मग आंघोळ, मग पूजा. तवर पाण्याचा घोटबी न्हाई."

"मग गोळी?"

"कोरडीच गिळते. औषध म्हंजे खाणं हाय का?"

गोळी सहाला आणि भाकरी अकराला. उपाशी पोटी साखर उतरून चक्कर यायची, आणि भाकरी पोटात जाईपर्यंत गोळीचा जोर सरलेला असायचा. मॅडमांनी तिथल्या तिथं बोट टोचून बघायला सांगितलं. साखर खाली उतरलेली निघाली.

"लगेच साखर द्या," मॅडम म्हणाल्या.

नागव्वानं मान फिरवली. "पूजेआधी न्हाई."

मनीषा तिच्याजवळ सरकली. "तूच म्हणलीस ना, औषध म्हंजे खाणं न्हाई? ही साखरबी आज औषधच हाय."

नागव्वानं तिच्याकडं बघितलं. "लई शिकलीस गं," म्हणाली आणि तोंड उघडलं.

थोड्या वेळानं घाम ओसरला. मॅडमांनी विचारलं, "प्रभुलिंग, तुमच्या घरी पूजा असते ना?"

"असते, मॅडम. पण हॉस्टेलात मी आधी इडली खातो."

"म्हणून याला चक्कर येत नाही," नेत्रावती म्हणाली.

गोळी वाढवली नाही. ती पूजेनंतर घ्यायची आणि पाठोपाठ भाकरी, असं ठरलं. नागव्वा कुरकुरली, "देवाला घड्याळ लावायलीस का?"

"देवाला न्हाई अव्वा, गोळीला लावायलेय."

तरी पूजा दोन तास अलीकडं आली. म्हशीची धार सुनेनं स्वतःकडं घेतली. महिनाभरात चक्कर थांबली, दुपारची साखरही उतरली. पुढच्या गुरुवारांपासून काही ठरवायच्या आधी प्रभुलिंग विचारू लागला, "मनीषा, तिथं काय दिसतंय?"

मनीषा आता चिटगुप्प्याला नर्स आहे. गुरुवारी नवे विद्यार्थी पडद्यावर येतात, तेव्हा पेशंटजवळ ती बसते.