ताईची लेखनिक

मला एक भूत लागलेलं आहे. ते पिंपळावर राहत नाही. धायरीत आमच्या सोसायटीत, आमच्याच डोक्यावरच्या फ्लॅटमध्ये राहतं, मेंटेनन्स वेळेवर भरतं आणि सकाळी बँकेत कामाला जातं. पाय सरळ आहेत. कान मात्र माणसाचे नाहीत.

मी तिला ताई म्हणते. तिला जन्मापासून दिसत नाही. ती दहावीला होती आणि मी नववीला, तेव्हाची ही गोष्ट. दृष्टिहीन मुलांना बोर्डाच्या परीक्षेत लेखनिक मिळतो. उत्तर त्यांनी तोंडी सांगायचं आणि लेखनिकाने ते कागदावर उतरवायचं. लेखनिक खालच्या इयत्तेतला लागतो, म्हणजे उगाच कुणी पदवीधर शेजारी बसून पेपर सोडवायला नको.

ताईची आई आमच्याकडे विचारायला आली, तेव्हा माझ्या आईने प्रामाणिकपणे सांगून टाकलं, की आमच्या मुलीचं अक्षर मोत्यासारखं आहे, पण त्यापलीकडे डोक्यात शिंपलाच आहे. त्यावर ताईची आई हसून म्हणाली, "म्हणूनच तर आले."

झालं होतं असं, की सहामाहीत ताई वर्गात पहिली आली. मांजरी गावचे तिचे काका अभिनंदन करायला आले आणि पेढा तोंडात टाकता टाकता म्हणाले, "मार्क हिचे का लेखनिकाचे, हे कोण सांगणार?" सगळे हसले. ताई हसली नाही. बोर्डाला लेखनिक असा हवा, की त्याच्यावर हुशारीचा आळ कुणाला घेता येणार नाही, हे तिने त्याच दिवशी ठरवलं. इतकी निर्दोष मुलगी अख्ख्या सिंहगड रोडवर मी एकटीच होते.

दिवाळीनंतर रोज संध्याकाळी सराव सुरू झाला. ताई खुर्चीत ताठ बसायची, तळवे गुडघ्यांवर ठेवायची आणि माझ्या हाताच्या वेगाने बोलायची. पूर्णविराम. नवीन परिच्छेद. अधोरेखित कर. ती सांगेल तेवढंच लिहायचं, हा एकच नियम. आता मला जन्मात कधी तेवढंच जमलेलं नाही. तिने सांगितलं, ब्राझीलमध्ये घनदाट वने आहेत. मी लिहिलं, इतकी घनदाट की भरदुपारी वाघ बॅटरी घेऊन फिरतात. मग तिने ते वाचून दाखवायला लावलं.

"ब्राझीलमध्ये वाघ नसतात," ती एवढंच म्हणाली, आणि मी मुकाट्याने पान फाडलं.

दिशांची उजळणी ती अंगावरच्या उन्हावरून करायची. मावळतीचं ऊन बाल्कनीतून तिच्या उजव्या गालावर पडलेलं असायचं, आणि ती मला विचारायची, सांग, माझं तोंड कुठल्या दिशेला आहे? मी खूप विचार करून सांगितलं, कपाटाच्या.

तिची आई कामावरून यायची उशिरा. ऊन जायचं, घर काळवंडायचं, आणि दिवा लावायचं आम्हा दोघींच्याही लक्षात यायचं नाही. तिला त्याची गरज नव्हती आणि मला उठायचा कंटाळा. समोरच्या खुर्चीत आधी ताई दिसायची, मग ताईच्या आकाराचा काळोख, आणि त्या काळोखातून पाणी, वने आणि लोकसंख्या असं काय काय शांतपणे येत राहायचं. मी पानावर नाक टेकवून खरडत असायचे. एकदा तो काळोख मध्येच म्हणाला, "दिवा लाव. तुझं अक्षर मोठं व्हायला लागलंय."

माझ्या अंगावर काटा आला. दुसऱ्या दिवशी शाळेत त्या काट्याचं मी बाभूळबन केलं. सगळ्यांना सांगितलं, की ताईला नुसत्या पेनच्या आवाजावरून अक्षर ओळखता येतं, 'क' लिहिला का 'फ' हेसुद्धा, आणि मांजरीत कुणी सही केली तर धायरीत बसून ती नाव सांगते. मधल्या सुट्टीत त्यावर तीन डब्यांतली भाजी मिळाली. माझा स्वतःचा अर्थातच विश्वास नव्हता. थाप मारणाऱ्याने थापेवर विश्वास ठेवायचा नसतो, नाहीतर धंदा बसतो.

संक्रांतीच्या सुमाराला मात्र घात झाला. मला यायला लागलं. रोज तेच तेच लिहून दहावीचा अख्खा भूगोल न विचारता माझ्या डोक्यात येऊन राहिला. वर्गात बाईंनी सहज काही विचारलं तर मी पुढच्या वर्षीचं उत्तर दिलं, आणि बाईंना खुर्चीवर बसावं लागलं. ही बातमी मी ताईच्या कानावर जाऊ दिली नाही. गेली असती तर माझी जागाच गेली असती. ढ असणं हीच माझी पात्रता होती.

परीक्षेचं केंद्र शनिवार पेठेतल्या एका शाळेत आलं. बोलून उत्तरं सांगायची म्हणून आम्हाला वेगळी खोली दिली होती, ती म्हणजे विज्ञानाची प्रयोगशाळा. कोपऱ्यात काचेच्या कपाटात सांगाडा उभा होता आणि त्याचा जबडा तारेने बांधलेला होता. हा मागच्या एखाद्या वर्षीचा लेखनिक असणार, याबद्दल मला शंका राहिली नाही. पर्यवेक्षक सर माझ्या शेजारी स्टूल ओढून बसले आणि म्हणाले, "आपण फक्त लिहायचं. विचार करायचे कष्ट घेऊ नका."

सगळे पेपर सुरळीत गेले. शेवटी भूगोल आला. अवर्षण चतुष्कोन, म्हणजे ब्राझीलमधला कोरडा, कमी पावसाचा प्रदेश, देशाच्या कोणत्या भागात आहे, असा प्रश्न होता. ताईने हे उत्तर सबंध हिवाळाभर ईशान्य म्हणून सांगितलं होतं. मी तर ते झोपेतही लिहिलं असतं.

"ब्राझीलच्या आग्नेय भागात," ताई म्हणाली.

मी 'ब्राझीलच्या' लिहिलं आणि पेन उभं राहिलं. मी थांबवलं नव्हतं. तेवढ्या वेळात शनिवारवाड्याचा दिल्ली दरवाजा लावून, गंज काढून, परत उघडता आला असता. पंख्याची पाती मोजता येतील इतका तो सावकाश फिरायला लागला. सरांनी माझ्याकडे पाहिलं. सांगाड्यानेही पाहिलं. ताईची मान किंचित, अगदी किंचित माझ्याकडे वळली.

मग ती तेच पुन्हा म्हणाली, एकेक शब्द सुटा करून. "आग्नेय भागात. पूर्णविराम."

मी लिहिलं.

तिच्या लक्षात आलं नाही, असं मी धरून चालले. फाटकाबाहेर तिच्या आईने आम्हाला उसाचा रस पाजला, तेव्हाही ताईने फक्त लिंबू जास्त पिळायला सांगितलं. पण त्या दिवसापासून आग्नेय माझ्या मागे लागली. कुकरची शिट्टी तेच म्हणायची. नळाला पाणी यायच्या आधी पाइप जो घसा खाकरतो, तोही तेच म्हणायचा. जिन्यात वरून ताईची काठी वाजली की मी चपला हातात घेऊन घरात शिरायचे.

निकाल लागला. ताईला नव्वदच्या वर मिळाले आणि पेढे आले. पेढ्यांमागोमाग मांजरीचे काकाही आले. आनंदाने म्हणाले, "लेखनिकाला दोन द्या रे, निम्मे मार्क तिचेच."

ताई त्यांच्या आवाजाच्या दिशेने वळून म्हणाली, "काका, त्यात एक चूक पण आहे. ती पूर्ण माझी आहे."

काकांना काही कळलं नाही. त्यांनी आणखी एक पेढा घेतला. ताईने मला खांद्याला धरून बाल्कनीत नेलं.

"आग्नेयच्या आधी तुझं पेन थांबलं," ती म्हणाली.

मी म्हटलं, डास चावला.

"ईशान्येकडून आला होता का?"

मी थाप सोडून सरळ विचारलं. तोवरच्या आयुष्यात तसं झालं नव्हतं.

"कळलं होतं, तर बदललं का नाहीस?"

"कळलं ते तुझ्या पेनमुळे. मग ते उत्तर तुझं झालं असतं. मला आग्नेयच आलं होतं, तेच लिहून झालं." आणि वर म्हणाली, "तुला यायला लागलंय, हे मला संक्रांतीतच कळलं होतं. तुझं पेन माझ्या आधी पोचायला लागलं होतं."

मग मला काढलं का नाहीस, मी विचारलं.

"ऐन वेळेला दुसरी ढ कुठून आणणार होते?"

ती हसत आत गेली. मी बाल्कनीतच उभी राहिले आणि हिवाळाभर त्या काळोखात मी काय काय लिहिलं, कुठे घाई केली, कुठे अडखळले, ते आठवत बसले. तिने ते सगळं ऐकलेलं होतं. वर्गात मारलेल्या थापांपैकी एक खरी निघाली होती आणि ती परत घ्यायची सोय नव्हती.

आता मी पोटापाण्यासाठी लिहिते. लॅपटॉपवर बोटं आपटत दोन ओळींच्या वीस ओळी करते. घरात कुणी नसतं, तरी बोटं थांबली की पाठ आपोआप ताठ होते. कधीकधी ताईचा खरंच फोन येतो. मी फोन स्पीकरवर टाकून टायपिंग चालू ठेवते. ती बँकेतल्या गमती सांगत असते, आणि माझ्या कळा जरा गप्प झाल्या की मध्येच विचारते, "काय गं, काय अडलं?"

मघाशी वर 'आग्नेय' लिहिताना बोटं थांबली. फोन लागलेला नव्हता. वरच्या फ्लॅटमध्ये खुर्ची सरकली.