बियाला ठेवलेला वाफा

शुद्धलेखनाच्या चुका असतील, आणि अक्षर तर कुत्र्याचे पाय मांजराला... त्याबद्दल आधीच माफी मागते. माझी शाळा चौथीपर्यंतच झाली. फोनवर लिहिलं असतं तर शब्द फोननंच सुधारून दिले असते, पण ही गोष्ट फोनमध्ये लिहायची मला भीती वाटते. म्हणून कागद. कुणाला दाखवीन की नाही, अजून ठरवलं नाही.

लोकांचे भुताखेतांचे अनुभव मी फोनवर रोज वाचते आणि मनात हसते. माझा असल्या गोष्टींवर कधीच विश्वास नव्हता. फोनमध्ये जे काही होतं त्याला कारण असतंच. जागा भरलेली असते, नको त्या ॲपला परवानगी दिलेली असते, नाहीतर अपडेट अर्धवट राहिलेलं असतं. कारण सापडलं नाही तर आपण नीट शोधलं नाही, एवढंच.

आमचं घर वडगाव रासाईत, मळ्यात. मागं भीमा. चारचौघांत माझ्या तोंडून शब्द निघत नाही, पण फोन हातात आला की मी वेगळी बाई होते. सेटिंगमधलं इंग्रजी मला वाचता येत नाही. कुठल्या खुणेमागं काय आहे ते बोटांना पाठ आहे. वस्तीवरच्या बायका फोन पाठवतात, सोबत निरोप — "हँग होतोय." मी जाहिराती बंद करते, कचरा काढते, अक्षरं मोठी करते आणि परत पाठवते. कुणी वीस-तीस रुपये देतं, कुणी भाजी. कुणाशी बोलावं लागत नाही, हे सगळ्यात बरं. आणि मी गेम खेळते. लग्न झालेल्या बाईनं गेम खेळणं म्हणजे काय, हे मला घरात पुष्कळदा ऐकवलं गेलंय.

सगळ्यात जास्त ऐकवायच्या माझ्या सासूबाई. त्यांना मी आत्याबाई म्हणायची.

"गेम खेळून कुणाची चूल पेटली का गं?" हे सकाळी. दुपारी जेवणं झाली, पुरुषमाणसं बाहेर पडली, की त्याच आत्याबाई माझ्याजवळ सरकून बसायच्या. "बघू, तुझ्या त्या शेतात काय चाललंय."

तो शेतीचा गेम होता. पेरायचं, पाणी द्यायचं, कापायचं, विकून नाणी मिळवायची. शेजाऱ्यांच्या, म्हणजे दुसऱ्या खेळणाऱ्यांच्या, शेतात जाता येतं, त्यांना नाणी भेट देता येतात — दिवसाला पाचशे, त्याहून जास्त नाहीत. मी माझा जुना फोन साफ करून आत्याबाईंना दिला आणि गेस्ट म्हणून त्यांचं शेत सुरू करून दिलं. गेस्ट म्हणजे ना नंबर, ना मेल. फोन गेला की शेत गेलं.

चित्र निवडायची वेळ आली तेव्हा त्यांनी मिशीवाला शेतकरी निवडला.

"बाईचं चित्र आहे की, आत्याबाई."

"ऱ्हाऊ दे. बाईच्या नावावर शेत कुठं असतंय?"

शेत मात्र त्यांनी बाईच्या हातानंच केलं. गहू पिकला की सगळा कापायचा, पण कडेचा एक वाफा तसाच सोडायचा. मी म्हणायची, "अहो, गेममध्ये बी विकत मिळतं. हा वाफा वाया चाललाय."

"मिळू दे. बी घरचं असावं. तुला काय कळतंय, तू खेळ."

तो वाफा वाळून काळा पडायचा, तरी त्या कापायच्या नाहीत. असं खेळणारं माणूस मी दुसरं पाहिलं नाही.

आता पैशांचं सांगते. फोनच्या कामाचे आणि अंड्यांचे मिळून मी अठरा हजार साठवले होते. माझा फोन तापायचा, गेम मध्येच बंद पडायचा. मला चांगला फोन घ्यायचा होता, स्वतःच्या पैशानं, कुणापुढं हात न पसरता. तेवढ्यात केडगावच्या वन्संच्या, म्हणजे माझ्या नणंदेच्या, घराचा स्लॅब अडला. आत्याबाई चुलीपाशी येऊन बसल्या.

"तुझ्या डब्यातलं दे मला. थोडं थोडं करून देते. पण तुझ्या नवऱ्याला बोलू नको. लेकीची लाज निघंल."

मी दिले. त्यांनी ते लेकीला स्वतःचे म्हणून दिले. वर्ष गेलं, वर आणखी काही महिने गेले. मी बोलायला तोंड उघडलं, की "देते की, कुठं पळून चालले?" आणि एका थंडीत, पहाटे, झोपेतच त्या गेल्या.

दहाव्याआधी घर आवरताना तो जुना फोन निघाला. मी स्वतः तो पूर्ण रिसेट केला. आतलं सगळं पुसलं. मग माझ्या धाकट्या दिरानं तो जुने मोबाईल घेणाऱ्या मोटारसायकलवाल्याला देऊन प्लास्टिकचा टब घेतला. टब अजून न्हाणीत आहे.

दहाव्याला घाटावर पिंड ठेवला आणि कावळा लगेच शिवला. लोक म्हणाले, म्हातारी सुखानं गेली. घरी आल्यावर मी धीर करून वन्संना आत एकटं गाठलं आणि हळूच पैशांचं विचारलं. त्यांनी तिथूनच ओरडून बाहेर सांगितलं, "ऐकलं का रं? वहिनीचं म्हणं आईकडं पैसं ऱ्हायल्यात!"

बाहेर सगळे पाहुणे बसलेले. दीर हसला.

"वहिनी, आईचा जीव कुणाच्या देण्यात अडकला असता तर कावळा शिवला असता व्हय? आपण पिंड ठेवायच्या आधीच फांदीवर येऊन बसला हुता. त्याच्याइतका साक्षीदार आणखी कुठला पाहिजे?"

सगळे हसले. माझा नवरा मान खाली घालून तंबाखू मळत राहिला. रात्री मला एवढंच म्हणाला, "कशाला तोंड उघडलंस? गेमच खेळायचाय ना, आहे त्या फोनवर खेळ."

पैसे बुडाले ते सोसलं असतं. पण त्या दिवसापासून मी घरात खोटारडी झाले. बाजाराचे सुटे पैसे परत दिले तरी दीर पुन्हा मोजायचा. "बघतो, कावळ्याला विचारून." यावर पोरंसुद्धा हसायची.

असे काही महिने गेले. एका दुपारी भाकरी खाऊन मी गेम उघडला तर वर पट्टी आली — शेजाऱ्याची भेट, पाचशे नाणी. चित्र मिशीवाल्या शेतकऱ्याचं.

चित्र कुणीही घेऊ शकतं. म्हणून मी त्या शेतात गेले. शेवटचं पाहिलं तेव्हा तिथं नुसतं तण होतं. आता सगळं नांगरलेलं, गहू नुकता कापलेला. आणि कडेला एक वाफा... सोडलेला. वाळून काळा पडलेला.

मी फोन पालथा ठेवला आणि भांडी घासायला घेतली.

दुसऱ्या दिवशी पुन्हा पाचशे. तिसऱ्या दिवशीही. मला माहीत असलेलं सगळं करून पाहिलं. गेम काढून पुन्हा टाकला. दुसऱ्याच्या फोनवरून पाहिलं. मोटारसायकलवाल्यानं फोन दुरुस्त करून कुणाला विकला असेल म्हणावं, तर पुसलेलं गेस्ट शेत त्यात परत येत नाही. तसं मी दुसऱ्या एका फोनवर मुद्दाम करूनही बघितलं. एकदा निरोप पाठवला — "कोण?" उत्तर आलं नाही. दुपारी नाणी तेवढी आली. जेवणं झाल्यावर, पुरुषमाणसं बाहेर पडल्यावर.

नवऱ्याला दाखवलं. "हॅक झालं असंल," म्हणाला आणि चहा मागितला.

वन्सं सणाला आल्या तेव्हा दीरही घरात होता. मी फोन त्याच्यासमोर धरला.

"भावजी, हे आत्याबाईंचं शेत. रोज पाचशे येतायत. निम्म्याच्या वर झाले."

तो हसायच्या तयारीत होता. मग त्यानं शेत पाहिलं. बोटानं कडेपर्यंत सरकवलं आणि त्या काळ्या वाफ्यावर थांबला. गहू त्यानंही आईबरोबरच कापलेला, वाफा कसा सोडायचा ते त्याला सांगावं लागलं नाही. वन्संनी वाकून पाहिलं आणि पदर तोंडाला लावला.

मग दीर घसा साफ करून म्हणाला, "बरं झालं की मग. फिटत्यात तुमचं पैसं. आता कुणाकडं मागायचं न्हाई."

"आईनं कुणाचं ठिवलं न्हाई," वन्सं म्हणाल्या.

मी म्हणाले, "म्हंजी घेतले होते."

एवढं मोठ्यानं मी त्या घरात पहिल्यांदाच बोलले असेन. दोघंही उठून बाहेर गेली. पुन्हा कुणी कावळ्याचं नाव काढलं नाही. पण त्या देण्यातला खरा रुपयाही कुणी पुढं केला नाही. वन्संचा स्लॅब माझ्या अठरा हजारांवर उभा आहे, आणि माझा फोन अजून तापतो. त्या नाण्यांत खऱ्या दुकानात काडीपेटीसुद्धा येत नाही.

नाणी येत राहिली. मी ती खर्च केली नाहीत. शेवटी एका दुपारी पाचशेऐवजी तीनशे आली. सगळी धरून सतरा हजार आठशे झाली. दुसऱ्या दिवशी काही आलं नाही, त्याच्या पुढच्याही दिवशी नाही. शेजाऱ्यांच्या यादीतून मिशीवाला गेला होता. त्या शेतात जायला गेले तर असा खेळाडूच नाही, असं आलं.

मला राग आला. तिकडं जाऊनसुद्धा माझे दोनशे मारलेच! दिवसभर मी मनातल्या मनात त्यांना बोलत राहिले. गुरांना पाणी दाखवतानाही तेच, पीठ मळतानाही तेच.

आणि पिठात हात असतानाच आठवलं. पैसे घेतल्यानंतरच्या गावच्या यात्रेत मी बांगड्यांच्या दुकानापुढं नुसती उभी होते. आत्याबाईंनी मागून येऊन माझ्या मुठीत एक नोट कोंबली होती. "धर. त्यातलंच हाय हे, फुकट न्हाई देत. ध्यानात ठेव." मी पार विसरून गेले होते. तेव्हा आमच्याजवळ तिसरं कुणी नव्हतं.

हे सगळं कसं झालं, मला सांगता येत नाही. कुणाला येत असेल तर त्यांनी स्वतःजवळच ठेवावं. ती नोट दोनशेची होती. हिशोब बरोबर आहे. माझे पैसे पूर्ण फिटले.