सरळ पाण्यातली काडी

पेणच्या महाविद्यालयात विद्युतचुंबकीय क्षेत्रे शिकवता शिकवता खडूचा कोरडेपणा माझ्या बोटांना कायमचा चिकटला आहे. त्या सकाळी मात्र एका विद्यार्थिनीने तासाआधी माझ्या हाती दिलेला कागद ओलसर होता. कासू गावातल्या घरापासून तिने तो मुठीतच धरला असावा. प्रवेश रद्द करण्याचा अर्ज. माझी सही तेवढी उरली होती.

"दोनदा ह्याच विषयात नापास झाले, मॅडम. नागोठण्याला कंपनीत पॅकिंगची शिफ्ट मिळतेय. आई म्हणते, बास झालं गो आता."

"तास होऊ दे, मग बघू," असे म्हणून मी अर्ज वहीत ठेवला.

त्या दिवशी कर्ल शिकवायचा होता. क्षेत्रात एखादे हलके चक्र सोडले, तर ते स्वतःभोवती फिरेल का, याचे ते माप. फळ्यावर मी सारे बाण सरळ, समांतर काढले. मधले लांब, कडेचे आखूड; बाण जितका लांब, तितका जोर जास्त. इथे कर्ल किती? दरवर्षीप्रमाणे वर्ग एका सुरात म्हणाला, "शून्य." सरळ बाण पाहून सगळेच फसतात; विद्यार्थिदशेत मीही फसले होते.

"शून्य नाय," शेवटच्या बाकावरून ती म्हणाली. "कडेला फिरंल."

"बाण सरळ हायत, हिलाच चक्कर आली," पुढून कुणीतरी म्हणाले. वर्ग हसला.

ती उठून उभी राहिली. "आमच्या मिठागरात भरतीचं पाणी पाटातनं सरळच येतं. पण बांधालगत काडी टाकली तर फिरत फिरत जाते. चिखल कडेचं पाणी धरून ठेवतो, मधलं पुढं पळतं. लहानपणी आम्ही काड्यांची शर्यत लावायचो. बरोबर मधे टाकलेली जिंकायची. ती फिरत नाय."

मध्यरेषेवर शून्य, कडेकडे वाढत जाणारा कर्ल: पुस्तकातले दोन ओळींचे गणित तिच्या चिखलाने माखलेल्या पायांना केव्हाच ठाऊक होते. तिला ते कुणी विचारले नव्हते. मीही नाही.

तास संपल्यावर अर्ज तिच्यापुढे ठेवून मी पेनाचे टोपण काढले. "करू सही?"

तिने कागद ओढून उलटा केला. मागची बाजू कोरी होती.

"आधी ते गणित दाखवा, मॅडम. काडी मला कळते, ती चिन्हं नाय कळत."

पेन मी तिलाच दिले. तिने पाट काढला, दोन बांध, बांधालगत आडवी काडी. काडीच्या दोन टोकांशी मी दोन वेग लिहिले आणि त्यांतल्या फरकापासून आम्ही सुरुवात केली. रोह्याला घरी जाणारी माझी गाडी त्या दुपारी चुकली.