शहाळं सगळ्यांना चालतं

पांडुरंग आणि मी नंदाखाल गावच्या शाळेत एका बाकावर होतो. पुढे मी मुंबईत कारकुनी केली, तो घरच्या वाडीत राहिला. केळी, नारळ, थोडी भाजी. उभ्या आयुष्यात तो कधी अंथरुणाला खिळला नाही. दुपारी भात, सुके बोंबील आणि वर दोन केळी, हे त्याचं जेवण.

निवृत्त होऊन मी गावी परतलो आणि पासष्टीला मला रक्तदाब निघाला. मी मीठ कमी केलं, रोज एक केळं, एक शहाळं सुरू केलं. सहा महिन्यांत डॉक्टरांनी एक गोळी बंद केली. एरवी चारचौघांत माझं तोंड उघडत नाही, पण आहाराचा विषय निघाला की मी समोरच्याला सोडत नसे.

दोन वर्षांपूर्वी पांडुरंगची किडनी अधू झाल्याचं कळलं. डॉक्टरांनी छापील कागद दिला. केळी बंद, शहाळं बंद, टोमॅटो बंद, पाणी मोजून. त्याच्या बायकोने, यशोदावहिनींनी, तो फ्रिजवर चिकटवला आणि त्या भाजी उकळून तिचं पाणी फेकून देऊ लागल्या.

"मी लावायचं आणि तू खायचं. हा कुठला न्याय रे सदा?" पांडुरंग मला म्हणाला.

"अरे, शहाळं कधी कोणाला बाधलंय? आजाऱ्याला आपण पहिलं तेच नेतो. आणि असले कागद काय, सगळ्यांना एकच छापून देतात."

वहिनी सकाळी भाजी घेऊन आगाशीच्या बाजाराला जात. त्या गेल्या की मी कोयता घ्यायचो. एक शहाळं त्याला, एक मला.

"तोंड पूस, नाहीतर पकडला जाशील," मी म्हणायचो.

"पकडलं तर तुझंच नाव सांगेन," तो हसायचा. रिकामी शहाळी आम्ही विहिरीमागे टाकायचो.

पंधराव्या दिवशी तो ओट्यावरून उठू शकला नाही. पायांत जीवच नव्हता. रिक्षातून दवाखान्यात नेलं. रक्त तपासून डॉक्टर वहिनींवर कडाडले, "बाई, पोटॅशियम केवढं वाढलंय! कागद दिला होता ना? काय खायला घालत होता यांना?"

वहिनींनी माझ्याकडे पाहिलं. मी पंख्याकडे पाहिलं.

"चुकलं माझं," वहिनी म्हणाल्या.



त्याच दिवशी डायलिसिस सुरू झालं, ते आठवड्यातून तीनदा अजून चालू आहे. कधीतरी करावंच लागलं असतं, असं डॉक्टर नंतर म्हणाले. त्या वाक्याला मी धरून आहे.

गेल्या रविवारी पुष्कळ दिवसांनी त्याच्याकडे गेलो. वहिनींनी शहाळं सोलून माझ्यापुढे धरलं.

"नको वहिनी."

"का भाऊजी? तुम्हाला चालतं ना? घ्या." कोयता हातात तसाच ठेवून त्या उभ्या राहिल्या. "विहिरीमागचा ढीग मीच उचलला. अठ्ठावीस होती. निम्मी तुमची."

मी शहाळं घेऊन एक घोट प्यायलो. पांडुरंग खाटेवर बसला होता. हातात औषधाच्या मापाएवढा पेला, त्यात तळाला पाणी. माझ्या तोंडाकडे बघत म्हणाला, "कुंपणाजवळच्या माडाचं आहे. गोड आहे का रे?"

"नाही," मी म्हणालो.

वहिनी हलल्या नाहीत. मला ते सगळं प्यावं लागलं.