जावयाचा रुसवा

आमच्याकडे जावई रुसतो. नाही रुसला तर लोकांनाच चुकल्यासारखं होतं. लग्नात रुसतो, दिवाळीला रुसतो, आणि अधिक महिन्यात तर त्याने रुसायलाच हवं, कारण त्या महिन्यात तो साक्षात नारायण असतो. रुसव्याचं औषधही ठरलेलं. आधी घड्याळ, मग अंगठी, तेवढ्यावर भागलं नाही तर स्कूटर. माझ्या बहिणीचा संसार या औषधाने मेला.

आमचं गाव भडगावच्या अलीकडे, गिरणेच्या काठी. अक्का माझ्याहून मोठी, तिला जळगावात पिंप्राळ्याला दिली होती. भाऊजी रेल्वेत, रोज भुसावळला जाऊन-येऊन नोकरी. बोलताना ते समोरच्याच्या कानाकडे बघायचे, नाहीतर मागच्या भिंतीकडे. कुणी सहज विचारलं, काय पाव्हणे, बरं आहे ना, तर खरंच विचार करून कुठे काय दुखतं ते सांगायचे. सिग्नलचं काही विचारलं तर मग तासभर सुटका नाही. आईने पहिल्यांदा हौसेने भरीत वाढलं, तेव्हा सगळ्यांच्या देखत म्हणाले, हे मला तोंडात धरवत नाही. आईच्या भरितासाठी लोक दुसऱ्या गावाहून यायचे. माझ्या वडिलांनी, आबांनी, त्याच दिवशी निकाल देऊन टाकला की माणूस शिकलेला आहे, म्हणून माजला आहे.

त्या वर्षी अधिक महिना ऐन आमरसाच्या दिवसांत आला. अंगणात मांडव, भाऊबंदांच्या पंगती, शेजारच्या घरावर कर्णा लावलेला. भाऊजी पाटावर बसले ते आधीच आक्रसून बसले होते. आमच्याकडे आग्रह म्हणजे कुस्तीच असते. त्यांनी नको म्हणून ताटावर हात आडवा धरला, आणि काकांनी हसत हसत त्या हातावर कढत तुपाची वाटी उपडी केली. सगळे हसले. भाऊजी उठले, चूळ भरली आणि कुणाशी एक शब्द न बोलता मांडवाबाहेर निघून गेले.

पंगतीतले सगळे एकमेकांकडे बघू लागले. मग कुणीतरी आमच्या अहिराणीत म्हणालं, जावई रुसना, म्हणजे रुसला. आणि सगळ्यांना हायसं वाटलं. मला ते अजून आठवतं, लोकांच्या चेहऱ्यावरचं ते हायसं. आता काय करायचं ते सगळ्यांना माहीत होतं.

आबांनी चुलतभावाला घड्याळ देऊन पाठवलं. मी कॉलेजात जाणारी, फटकळ, मागे मागे गेलेच. भाऊजी एसटीच्या थांब्यावर लिंबाखाली बसले होते आणि रुमालाने हात पुसत होते. तूप केव्हाच गेलं होतं, तरी पुसत होते. चुलतभावाने घड्याळ पुढे केलं. भाऊजींनी ते नीट बघितलं, आपलं मनगट दाखवलं आणि म्हणाले, माझ्याकडे आहे.

हे ऐकून घरी काय अर्थ लागला असेल ते सांगायला नको. जावयाची नजर मोठी आहे. आबांनी कपाटातून अंगठी काढली, आणि चार वडीलधारी मंडळी बरोबर घेऊन स्वतः थांब्यावर गेले. भाऊजींनी अंगठी घेतली नाही. बोटात काही घातलेलं मला सहन होत नाही, असं त्यांनी सांगितलं, आणि पुढे हेही सांगितलं की मी रागावलेलो नाही, कर्ण्याचा आवाज बंद झाला की परत येऊन जेवतो. यातलं एक अक्षर खोटं नव्हतं. पण आमच्या गावात जावयाने खरं बोलावं अशी कुणाची अपेक्षाच नव्हती. चार माणसांसमोर दिलेलं सोनं परत आलं, एवढंच आबांना दिसलं.

"पाव्हना," आबा म्हणाले, "आम्ही निरोप धाडसूत तवयच या. तवलोंग आमना उंबराले पाय लावू नका."

भाऊजी बरं म्हणाले. पुढची जळगावची गाडी आली, तिच्यात बसून गेले.

अक्का माहेरीच राहिली. आबा वाट बघत होते की पोरगा येईल, पायावर डोकं ठेवील आणि बायकोला घेऊन जाईल. रीत तीच होती. एकाने राग दाखवला की दुसऱ्याने समजूत काढायची, येऊ नका म्हटलं की यायचं, आणि आल्यावर थोडं ताटकळायचं. भाऊजी आले नाहीत. महिने गेले, मग वर्ष गेलं. अक्काने आबांना विनवलं की एक निरोप पाठवा. आबा म्हणाले, मी पोरीचा बाप असून त्याच्यापुढे वाकलो, आता आणखी किती वाकू? एकदा ती स्वतःच पिशवी भरून थांब्यावर गेली, तर काकांनी हाताला धरून परत आणली. त्यानंतर ती कुणाला काही म्हणाली नाही. गोधड्या शिवत बसायची. पुढे आबा गेले, आणि भाऊजी तेव्हाही आले नाहीत. सासरा मेला तरी फिरकला नाही, बघा केवढी घमेंड, असं सगळा गाव म्हणाला. त्यांना कळवलं तरी होतं का, हे कुणी विचारलं नाही.

मधल्या काळात माझं लग्न झालं. दुधाने तोंड पोळलेलं, त्यामुळे आबांनी माझ्यासाठी ताकही फुंकून बघितलं. मुलगा धुळ्याचा. बघायला आला तो आजोबांपासून गड्यापर्यंत सगळ्यांच्या पाया पडला. आईचं भरीत दोनदा मागून घेतलं, आणि असं भरीत खाल्लं नव्हतं हे डोळ्यांत पाणी आणून सांगितलं. काकांच्या गुडघेदुखीची चौकशी केली. आबा म्हणाले, याला माणूस म्हणतात. लग्नात तो रीतसर रुसला, घड्याळावर हसला, अंगठीवर थोडा विरघळला आणि स्कूटरवर पूर्ण राजी झाला. सगळ्यांना फार आनंद झाला.

या माणसाबद्दल काय सांगू? चारचौघांत देवमाणूस. आमच्या गल्लीत मयत झाली तर खांदा द्यायला पहिला हाच, आणि घरी आल्यावर विचारणार, मी रडलो ते लोकांनी पाहिलं का? मी धुळ्यात शिक्षिका होते, शाळेत माझ्या वर्गाचं कौतुक झालं त्या दिवसापासून तो माझ्याशी पंधरा-वीस दिवस बोलला नाही. शेवटी मी माफी मागितली. कशाची, ते मला आजही माहीत नाही. माझं पहिलं मूल पोटातच गेलं. भेटायला माणसं यायची, आणि हा बैठकीत बसून स्वतःच्या दुःखाचं असं वर्णन करायचा की बायका पदर डोळ्यांना लावायच्या. मी आतून चहाचे कप आणून ठेवायची. एक बाई मला म्हणाली, फार हळवे आहेत हो, जपा त्यांना.

माहेरी मी यातलं काहीच बोलले नाही. एकीचं असं झालेलं, दुसरीने काय सांगायचं?

नव्वदच्या दशकाच्या शेवटी शेवटी शिक्षकांच्या एका प्रशिक्षणाला मला जळगावला पाठवलं. बाहेरगावचे एक मानसोपचाराचे डॉक्टर बोलायला आले होते. काही मुलं स्वमग्न असतात, ते सांगत होते. नजर भिडवत नाहीत, गोंगाट आणि स्पर्श त्यांना सोसत नाही, सांगितलेलं शब्दशः घेतात, मनात एक आणि ओठावर एक त्यांना जमत नाही. मी लिहून घ्यायचं थांबवलं. हात वर करून विचारलं की अशी मुलं मोठी होऊन लग्नं करतात तेव्हा कशी दिसतात. डॉक्टर म्हणाले, लोक त्यांना बहुधा गर्विष्ठ समजतात. मग मी विचारलं, आणि जी माणसं खरोखर स्वतःपलीकडे कुणाला बघतच नाहीत, ती? ते थोडं हसून म्हणाले, तोही एक विकार आहे, पण ती माणसं आमच्याकडे सहसा येत नाहीत, त्यांच्या घरचीच येतात. वरून दोघं सारखी वाटली तरी सरमिसळ करू नका, असंही म्हणाले. पहिल्याला दुसऱ्याचं मन वाचता येत नाही, पण त्याला ते दुखवायचं नसतं. दुसरा मन बरोबर वाचतो, आणि त्यावर स्वतःची पोळी भाजून घेतो. बाकीच्या बाया चहाला उठल्या. मी डॉक्टरांचं शेवटचं वाक्य वहीत लिहून घेतलं.

जेवणाची सुट्टी झाल्यावर मी रिक्षा करून पिंप्राळ्याला गेले. भाऊजींच्या सुट्टीचा वार होता. भाऊजींनी दार उघडलं, माझ्या कानाकडे बघितलं आणि म्हणाले, तुम्ही जाड झालात. केस पिकले होते त्यांचे. घर लख्ख, एक ताट, एक पेला. मी सरळच विचारलं, अक्काला न्यायला का नाही आलात?

"निरोप आला नाही," ते म्हणाले.

मला रडूच फुटलं. ते अवघडून उभे राहिले, मग पंखा लावला. मी म्हटलं, भाऊजी, आता मी निरोप घेऊन आले आहे असं समजा. त्यांनी विचार केला. आबांनी पाठवलाय का, विचारलं. आबा जाऊन बरीच वर्षं झाली, मी सांगितलं. त्यांना हे ठाऊक नव्हतं. मग ते म्हणाले, "आता मला एकट्याची सवय झाली आहे. ती आली तर मला त्रास होईल. पण ती आली तर मी तिला जा म्हणणार नाही."

दुसऱ्या दिवशी प्रशिक्षण बुडवून मी गावी गेले. अक्का अंगणात गोधडी घालून बसली होती. भाऊजींचं वाक्य मी जसंच्या तसं सांगितलं, गोड करायला गेले नाही. डॉक्टर काय म्हणाले तेही सांगितलं. सुई हातात धरून तिने सगळं ऐकलं. मला वाटलं, आबांना शिव्या देईल, काकांना देईल, निदान रडेल तरी. ती म्हणाली, मला डॉक्टर कशाला पाहिजे होता, मी त्या घरात राहिले होते. मग सांगू लागली. लग्नानंतर एकदा ती माहेरच्या आठवणीने रडत होती, तर ते जवळ आले नाहीत, लांब भिंतीशी उभे राहिले आणि तिथूनच विचारलं, माझ्यामुळे रडतेस का? माझ्यामुळे असेल तर काय ते सांग, मी परत करणार नाही. आणि जे सांगितलं ते त्यांनी परत कधीच केलं नाही, ती म्हणाली.

जाशील का, मी विचारलं. तिने मान हलवली. त्यांना त्रास होईल म्हणाले ना, ते उगाच नाही म्हणत. मी आता पिंप्राळ्याला जाऊन त्या माणसाला त्रास देऊ? मला वाद घालायचा होता, पण तिचं म्हणणं खोडून काढता येईना. तिने दोरा दाताने तोडला आणि माझ्याकडे बघितलं.

"पाव्हना इचारतस का तुले कधी असं?"

मी म्हटलं, माझ्यामुळे रडतेस का, असं? विचारतात. नेहमी विचारतात.

अक्काचा चेहरा केवढा तरी उजळला. "बरं जयं, माय," ती म्हणाली. "आपला दोन्हीसमा एकीनं तरी सगळं चांगलं शे."