डोमाजींनी कुंडीत लावलेलं ऑर्किड

डोमाजी कुठलीही गाठ कापत नसत. रोपांच्या गठ्ठ्याची सुतळी असो की पार्सलची दोरी, ते उकिडवे बसत, गाठ दोन्ही अंगठ्यांत धरून तिच्याकडे थोडा वेळ नुसतं पाहत आणि मग ती सोडवत. नागपूरच्या एका कॉलेजात, वनस्पतिशास्त्र विभागात मी डेमॉन्स्ट्रेटर म्हणून लागलो, त्या पहिल्याच दिवशी मी घाईनं त्यांच्यापुढे कात्री धरली. त्यांनी ती बाजूला ठेवली. म्हणाले, "गाठ कोनीतरी बांधली असते सर. त्याचा हात कोन्या बाजूनं गेला थे समजलं, का सुटते."

ते उमरेडच्या कोष्टी घरातले. बापाचे घरी दोन माग होते. मागाचं काम मंदावलं तेव्हा डोमाजी बायकोला घेऊन नागपुरात आले आणि आमच्या विभागात हंगामी माळी म्हणून राहिले. वय पंचेचाळिशीचं, अंग काटकुळं, बोटं मात्र लांब आणि मऊ. झाडांची लॅटिन नावं त्यांना येत नसत. एखादं रोप का वाळतंय असं मुलांनी विचारलं, तर ते म्हणत, "मले काय इचारता, थ्याले इचारा. थे सांगूनच राह्यलं." मुलं हसत. मीही हसत असे. बी.एस्सी. होऊन मला दोनच वर्षं झाली होती आणि झाड काही सांगतं वगैरे गोष्टी मला अडाणीपणाच्या वाटत.

चोपन्न सालच्या जानेवारीत आमचे विभागप्रमुख, त्यांना सगळे मोठे सर म्हणत, आसामातून एक ऑर्किड घेऊन आले. आंब्याच्या लाकडाच्या फळीवर ते दोऱ्यानं बांधलेलं होतं. तीन दिवसांच्या रेल्वे प्रवासात सरांनी ती फळी मांडीवरून खाली ठेवली नव्हती. नेच्यांसाठी बांधलेल्या जाळीघरात, अगदी आतल्या कोपऱ्यात, त्यांनी ती स्वतः टांगली. डोमाजी त्या झाडाला 'पाव्हणं' म्हणत. आठवड्याभरानं मला हळूच म्हणाले, "पाव्हण्याले इथली हवा लागून राह्यली सर. आपला उन्हाळा याले फळीवर सोसवत नाई."

एप्रिलअखेर मोठे सर लेकीकडे पुण्याला गेले. जाताना त्यांनी जाळीघराची किल्ली माझ्या हातात दिली. किल्ली एकच होती. "दिवसातून तीनदा फळी भिजली पाहिजे," ते म्हणाले. "मी हे तुमच्यावर सोपवून जातो आहे."

मी दहा दिवस ते नेमानं केलं. मग अमरावतीला चुलतभावाचं लग्न निघालं. दोन दिवसांसाठी म्हणून गेलो. तिथे माझ्यासाठी एक मुलगी दाखवायची ठरली, मग दुसरी, आणि मी नऊ दिवस राहिलो. किल्ली माझ्या कोटाच्या खिशात होती. ती तिथे आहे हे मला आठवत नव्हतं असं नाही. दुसऱ्या दिवशी आठवलं, तिसऱ्या दिवशीही आठवलं, आणि दर वेळी मी मनाला सांगितलं की डोमाजी आहेत, ते काहीतरी करतील.

त्यांनी केलंच होतं. महाल भागातल्या आमच्या घरी ते दोनदा चालत येऊन गेले होते. आईनं सांगितलं, तो गावाला गेलाय. मग त्यांनी बांबूची लांब पिचकारी केली आणि जाळीतून पाणी मारत राहिले. ते पुढच्या नेच्यांपर्यंत पोहोचलं. कोपऱ्यातल्या फळीपर्यंत पोहोचलं नाही. कुलूप का तोडलं नाही, असं मी वर त्यांनाच विचारलं. ते म्हणाले, "हंगामी मानसानं कुलूप तोडलं, तर काहून तोडलं हे कोनी इचारत नाई सर."

मी दार उघडलं तेव्हा ऑर्किडचे जाड हिरवे दांडे सुरकुतले होते, पानं पिवळी पडून लोंबत होती, मुळं जुन्या कागदासारखी झाली होती. मला काळजी वाटली, पण ती झाडाची नव्हती. जुलैत मला कायम करायचा कागद सरांच्या सहीनं जायचा होता, तो माझ्या डोळ्यांसमोर आला.

डोमाजींनी एक दांडा नखानं किंचित खरवडला. "हिरवं हाये आत. पन आता फळीवर राह्यलं तर जगत नाई. कुंडीत घेऊ."

"सरांना चालणार नाही. हे झाडावर वाढणारं झाड आहे, मातीत कुजेल."

"माती कोन टाकते? कोळसा टाकू, इटेचे तुकडे, थोडा काथ्या. हवाबी लागन, ओलबी राहीन." आणि मग माझ्याकडे पाहून म्हणाले, "तुमी हो म्हना, मी करतो."

मी हो म्हणालो. हे मी इथे स्वच्छ लिहून ठेवतो, कारण पुढे मी तसं वागलो नाही.

त्यांनी फळी तासभर घंगाळात बुडवून ठेवली. मग दोऱ्याची एकेक गाठ सोडवली. मुळं लाकडाला घट्ट चिकटलेली होती. बांबूची पातळ कामटी खालून सरकवत त्यांनी ती एकेक करून मोकळी केली, मागावर तुटलेला धागा उचलावा तशी. प्रत्येक मूळ ते चिमटीत दाबून पाहत. "हे पोचट. हे भरलेलं. हे बी भरलेलं." पोचट तेवढी काढली. बाजूला भोकं पाडलेल्या मातीच्या कुंडीत त्यांनी ते झाड बसवलं आणि हलू नये म्हणून कामटीला बांधलं. दुपार टळून गेली होती. त्यांनी जेवणाचा डबा उघडलाही नव्हता.

जूनअखेर मोठे सर परतले. तोवर झाड तगून होतं, पण पानं गळालेली आणि नुसते दांडे उभे. मधलं काही न पाहिलेल्या माणसाला ते मेलेलंच वाटावं. सर जाळीघराच्या दारातच थांबले.

"हे कुणी केलं?"

"म्या केलं साहेब," डोमाजी म्हणाले.

"कुणाला विचारून?" असं म्हणून सर माझ्याकडे वळले. "तुम्ही कुठे होता?"

मी म्हणालो, "सर, मी तेव्हा दोन दिवस अमरावतीला गेलो होतो. लग्न होतं."

एवढंच. त्यात लग्न खरं होतं, अमरावती खरी होती. बोलताना मी दाराच्या कडीकडे पाहत होतो. डोमाजींनी कुंडीतलं एक गळलेलं पान उचललं. मग म्हणाले, "हे सर नव्हते तवा. मलेच वाटलं, म्या केलं."

डोमाजींनाही त्याच जुलैत कायम करायचं होतं. सरांनी तो कागद फाडला. सर दुष्ट नव्हते; तीन दिवस मांडीवर आणलेलं झाड त्यांच्या डोळ्यांपुढे होतं. आठवड्याभरात डोमाजींना काम नाही असं सांगण्यात आलं. माझा कागद वेळेवर गेला.

जायच्या दिवशी ते मला शोधत प्रयोगशाळेत आले. मला वाटलं आता बोलतील; मी त्यासाठी तयारही झालो होतो. ते म्हणाले, "पानी रोज नोका देऊ सर. बोट खाली घालून पाहजा, कोरडं लागलं तरच द्या. अन् सकाळचं ऊन थोडं लागू द्या." मी मान हलवली. ते गेले.

त्या झाडाला पुढच्या मार्चमध्ये फिकट जांभळी सात फुलं आली. मोठ्या सरांनी प्राचार्यांना बोलावून आणलं. माझ्या खांद्यावर हात ठेवून ते म्हणाले, "माळ्यानं मारलेलं झाड या पोरानं जगवलं." मी हसलो. तो हसलेला चेहरा मला आजही आतून जाणवतो.

वर्षभरानं डोमाजी मला सीताबर्डीवर भेटले. खापरखेड्याच्या वीजघरात कोळशाच्या कामावर लागले होते. डोळ्यांच्या कडा काळ्या झाल्या होत्या. त्यांनी पहिलं विचारलं, "पाव्हणं कसं हाये?" फुलं आली म्हटल्यावर किती, कोणत्या रंगाची, किती दिवस टिकली, सगळं विचारून घेतलं. मी म्हणालो, "डोमाजी, मी सरांना सांगणार आहे." ते म्हणाले, "सांगजा. जमन तवा सांगजा."

मला जमलं नाही. छप्पन साली राजधानी नागपुरातून भोपाळला गेली; कॉलेज सरकारी, त्यामुळे मोठ्या सरांचीही तिकडे बदली झाली. आम्ही सगळे स्टेशनवर पोहोचवायला गेलो. गाडी सुटायला वीस मिनिटं होती, सर खिडकीशी एकटे होते, कुंडी मांडीवर होती. वीस मिनिटं मी प्रवासाच्या गोष्टी बोललो.

एकोणसाठ साली डोमाजी छातीच्या दुखण्यानं गेल्याचं कळलं. मी खापरखेड्याला गेलो. त्यांची बायको अनसूयाबाई मला ओळखत नव्हत्या, पण नाव सांगताच त्यांचा चेहरा बदलला. बसलेल्या शेजारणींना त्या म्हणाल्या, "हेच थे कॉलेजातले सर. यायनंच आमच्या घरच्यायले झाडाचं शिकवलं. मानसं कमी केले, तवा थ्यायच्या नोकरीसाठी या सरायनं लय धावपळ केली वं. पन साहेब आयकलेच नाई."

डोमाजी घरी असं सांगत आले होते. पाच वर्षं.

एका शेजारणीनं माझ्यापुढे चहाचा कप आणून ठेवला; सगळ्या माझ्याकडे आदरानं पाहत होत्या. त्या उठून जाईपर्यंत मी थांबलो. मग अनसूयाबाईंना सगळं सांगितलं: किल्ली, नऊ दिवस, मी दिलेला होकार, दाराची कडी. त्या पदराचं टोक बोटाला गुंडाळत ऐकत होत्या. माझं संपल्यावर त्यांनी पदर सोडला.

"मंग थे मले खोटं काहून सांगत होते?" त्यांनी विचारलं.

"मला ठाऊक नाही," मी म्हणालो. ठाऊक होतं; त्यांच्या घरात माझ्या नावानं कुणी बोटं मोडू नयेत म्हणून.

त्यांनी माझ्यापुढचा कप थोडा सरकवला. "चहा घ्या," त्या म्हणाल्या. सर म्हणाल्या नाहीत.